धुरकट उन्हातलं जंगल

प्रश्न : सर, माझी मुलगी फिनलंडमध्ये ताम्पेरेला असते. घरामागेच पाइनचं जंगल आहे. परवा व्हिडिओ कॉलवर तिथलं आभाळ दुधी दिसत होतं. मी म्हटलं, "झाडांना ऊन मिळत नसेल गं." तर म्हणाली, "आई, हवेत बारीक कण असले की झाडं उलट जास्त अन्न तयार करतात." ऊन कमी आणि काम जास्त? माझी फिरकी घेतेय का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : ताई, फिरकी नाही, पण लेकीनं अर्धीच गोष्ट सांगितलीय.

मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायचो. प्रॅक्टिकलला बीकरमध्ये हायड्रिला ही पाणवनस्पती, त्यावर उलटं नरसाळं, शेजारी टेबललॅम्प. दिवा जवळ सरकवला की ऑक्सिजनचे बुडबुडे भराभर सुटायचे, म्हणजे पान भराभर अन्न तयार करायचं. आणखी जवळ नेला की मात्र वेग तिथंच अडकायचा. "सर, काही बिघडलं का?" असं एखादा तरी विचारायचाच. बिघडायचं काही नाही, पानाचं पोट भरलेलं असायचं.

जंगलात निरभ्र दुपारी हेच होतं. शेंड्याच्या पानांवर पचेल त्याहून जास्त ऊन पडतं आणि खालच्या फांद्या सावलीत उपाशी. वाढप्यानं पंगतीतल्या एकाच पानावर जिलब्या ओताव्यात, तसं. हवेतले कण सूर्याचा सरळ झोत विखुरतात. मग उजेड आभाळाच्या सगळ्या बाजूंनी येतो आणि फटीफटीतून खालच्या पानांपर्यंत पोचतो. एकूण ऊन थोडं घटतं, पण वाटणी सुधारते. कागदावर पेन्सिल उभी धरून बघा : कडक उन्हात सावली काळी, रेखीव, धुरकट दिवशी फिकट, कडा विरघळलेल्या. खालच्या पानांचा फायदा त्या फिकटपणात आहे.

याचा मोठा पुरावा एका ज्वालामुखीनं दिला. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला आणि कोट्यवधी टन सल्फर डायऑक्साइड पार स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात गेला. त्यापासून झालेले आम्लाचे सूक्ष्म थेंब जगभर पसरले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये झाडांच्या वर मनोरा उभारून जंगल किती कार्बन डायऑक्साइड ओढतं हे मोजत होते. १९९२ मध्ये तिथं निरभ्र दुपारचं प्रकाशसंश्लेषण सुमारे २३ टक्के वाढलेलं आढळलं, १९९३ मध्ये सुमारे ८ टक्के. ते पानझडी जंगल. पण तुमच्या लेकीच्या ताम्पेरेहून फार लांब नसलेल्या ह्यूटिआला इथंही पाइनच्या जंगलात अशीच मोजमापं वर्षानुवर्षं चालू आहेत, आणि माफक कण असलेल्या दिवशी फायदा तिथंही दिसतो.

मला यातली सगळ्यात गमतीची वाटणारी बाब म्हणजे हे कण काही अंशी पाइन स्वतःच तयार करतो. रंगाऱ्याकडच्या टर्पेंटाइनचा वास आठवतोय ना? तो पाइनच्या राळेचाच. उबदार दिवशी ही वाफ झाडांतून जास्त सुटते, हवेतल्या ओझोनशी तिची प्रक्रिया होते आणि त्यातून बारीक कण जन्मतात, वाढतात. म्हणजे जंगल स्वतःच्या डोक्यावर स्वतःच झिरझिरीत पडदा धरतं!

आता उरलेली अर्धी गोष्ट. पडदा झिरझिरीत असेल तोवरच हा नफा. वणव्याच्या दाट धुरानं सूर्य तांबडा गोळा दिसायला लागला की वाटणी कितीही चांगली असो, वाटायला ऊनच उरत नाही. झाडं विरळ असतील तरी फायदा कमी, कारण तिथं सावलीतली पानं मुळातच थोडी. आणि काजळी उजेड विखुरण्यापेक्षा गिळतेच जास्त. त्यामुळे चिंचवडच्या धुरळ्याचं कौतुक करायला हा पुरावा वापरू नका. रस्त्याकडेच्या झाडांच्या पानांवर त्याचा थर बसतो तो वेगळाच.

लेकीला विचारा, त्या दिवशी हवेला वास कसला होता. राळेचा असेल तर दुपारी खुशाल जंगलात फिरून ये म्हणावं. जळकट असेल तर खिडक्या लावून घ्यायला सांगा.