घर सांभाळून लिहायला सुरुवात करताय? सध्या एवढंच बघा

आधी एक सांगतो, नोव्हेंबरात ५०,००० शब्दांची कादंबरी वगैरे चॅलेंज पहिल्याच वर्षी घेऊ नका, रोजचे साधारण १,६६७ शब्द होतात आणि त्यात मुलांची सर्दी, पाहुणे, शाळेचं काहीतरी आलं की चार दिवसांत हिशोब कोलमडतो आणि मग माणूस वहीच उघडत नाही. रोज पंधरा मिनिटं पुरेत. दिवस लहान झालेत, अंधार लवकर पडतो, तर जेवणाआधीचा तो वेळ पकडा, घरच्यांना सांगून ठेवा (दोनदा हाक येणारच, चालायचंच).

- पानगळ, धुकं, सोनेरी ऊन यावर परिच्छेद नकोत, सगळे नवखे तिथेच अडकतात. त्यापेक्षा पोरगं दारातून ओरडतं ना, "माझा एकच मोजा ओलाय!", ते जसंच्या तसं लिहा. कोणाचा मोजा, ओला कसा झाला, कोण चिडलं, झाली की गोष्ट सुरू.
- कालचं आज दुरुस्त करत बसू नका. पुढे लिहा.
- घरातली भांडणं लिहिताना नावं बदला, प्लीज!

प्लॉट, पात्रांचे तक्ते, एडिटिंग हे सगळं जानेवारीत बघू.