मामा तलावाकाठी घरे बांधण्याचा प्रस्ताव मांडताना

प्रिय तरुण सहकाऱ्यास,
स. न. वि. वि.

भंडारा जिल्ह्यातील मामा तलावालगतच्या (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातील सिंचन तलावालगतच्या) रो-हाउसचा तुझा आराखडा वाचला. रेखाटने देखणी आहेत. परंतु ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द पानोपानी येतो आणि त्याचा पुरावा मात्र कुठेच सापडत नाही. अधिकाऱ्याला सही करायची असते ती उद्या कोणी विचारले तर दाखवता येईल अशा गोष्टीवर. म्हणून तुझे प्रत्येक आश्वासन नकाशावर रेघ होऊन किंवा मंजुरीपत्रात अट होऊन उतरेल असे लिही, आणि जे तसे उतरत नाही ते सरळ गाळून टाक.

पहिली रेघ पाण्याची असावी. तुझी मोजणी ऐन उन्हाळ्यातली दिसते. त्या दिवसांत गाळपेराची, म्हणजे पाणी ओसरल्यावर पेरली जाणारी, जमीन उघडी पडलेली असते आणि विकासकाला ती आपलीच वाटू लागते. तलाव भरून सलंगावरून (सांडव्यावरून) पाणी वाहू लागते, ती पातळी जमिनीवर उतरवून घे. सलंगाच्या माथ्याची उंची लेव्हल मशिनने घ्यावी, त्यावर पुराच्या पाण्याची चढ धरावी, त्या उंचीवर प्लॉटभर खुंट्या ठोकाव्यात आणि जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाच्या अभियंत्याला जागेवर बोलावून त्या दाखवाव्यात, कारण बहुतेक मामा तलाव त्याच विभागाकडे आहेत.

पाणथळ जागांविषयीच्या 2017 च्या नियमांनुसार नियम लागू होण्यापूर्वीच्या दहा वर्षांतील सरासरी उच्च पूरपातळीपासून 50 मीटरच्या आत कायमचे बांधकाम करता येत नाही. तुमचा सल्लागार लगेच सांगेल की सिंचनासाठी बांधलेले तलाव या नियमांतून वगळलेले आहेत. तांत्रिकदृष्ट्या त्याचे म्हणणे चूक नाही. पण नागपूरच्या फुटाळा तलावाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये तलाव नियमांतील पाणथळ जागेच्या व्याख्येत बसत नसल्याचे मान्य करूनही, सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व (शासन नैसर्गिक संपत्ती जनतेसाठी विश्वस्त म्हणून सांभाळते, हे) मानवनिर्मित जलाशयांनाही लागू असल्याचे म्हटले आहे. तेव्हा 50 मीटरचा पट्टा आपण होऊन सोडा आणि तो मंजूर नकाशात बांधकाममुक्त म्हणून दाखवा. त्याचप्रमाणे, 20,000 चौरस मीटर बांधकामापासून पर्यावरण मंजुरी लागते म्हणून क्षेत्रफळ जेमतेम त्याखाली बसवण्याची युक्ती करू नये. ती आता सगळ्यांच्या ओळखीची झाली आहे.

सर्वांत जास्त मेहनत येव्यावर, म्हणजे तलावात येणाऱ्या पाण्यावर, घ्यावी, असे माझे मत आहे. मामा तलाव वरच्या बांध्यांतून (बांध घातलेल्या धानशेतांतून) आणि लहान ओहळांतून वाहत येणाऱ्या पाण्यावर भरतो. तुझ्या आराखड्यातील अखंड कंपाउंड भिंत उत्तरेकडचे दोन ओहळ अडवते, म्हणजे घरांतून तलाव छान दिसेल, पण तो भरणार नाही. भिंतीऐवजी जिवंत कुंपण घ्यावे, ओहळांचे पात्र आहे त्या रुंदीने मोकळे ठेवावे आणि जमीन सपाट करण्याचा मोह टाळून घरे उतारानुसार बसवावीत. सांडपाण्याबाबत ‘प्रक्रिया करून तलावात सोडू’ हे वाक्य तर काढूनच टाक. प्रक्रिया झालेल्या पाण्यातही नत्र आणि स्फुरद उरतात आणि जलपर्णीला तेवढे पुरते. ते पाणी बागेला व फ्लशला वापरावे, आणि पावसाळ्यात बागेला पाणी लागत नाही तेव्हा ते कुठे साठवणार, याचा हिशेब प्रस्तावातच द्यावा.

आणखी एक गोष्ट, जी नकाशावर सहसा कोणी पाहत नाही. बांधकामाचे ट्रक तलावाच्या पाळीवरून (बांधावरून) नेण्याचे तू सुचवले आहेस. ती पाळ मातीची आहे आणि तुडूमही (पाणी सोडण्याचे दारही) तिच्यातच आहे. पोचरस्ता दुसरीकडून काढ, खर्च वाढला तरी चालेल.

कार्यालयात जाण्यापूर्वी मच्छीमार सहकारी संस्थेला आणि तलावाच्या पाण्यावर धान घेणाऱ्या शेतकऱ्यांना भेट. निस्तार पत्रकात (गावाच्या सामाईक हक्कांच्या नोंदीत) गुरांच्या पाण्याची किंवा जाण्यायेण्याची वाट नोंदलेली असेल, तर ती नकाशात आपण होऊन दाखव. ग्रामसभेत हरकत निघाल्यावर दाखवलेली वाट लपवलेलीच समजली जाते.

शेवटी, सोबत दोन पानांचा सारांश जोड, त्यात सर्व्हे क्रमांक, पातळ्या, सोडलेले क्षेत्र आणि तुम्ही स्वतः मागत असलेल्या अटी असू देत. कनिष्ठ अभियंत्याला टिपणी लिहिताना त्यातली वाक्ये जशीच्या तशी उचलता आली पाहिजेत. सुधारित मसुदा झाला की रेखाटनांआधी मला खुंट्यांचा नकाशा पाठव.

कळावे.