अमेरिकन फुटबॉलमधला बचावपटू डीकन जोन्स याच्या नावावर एकही अधिकृत ‘सॅक’ नाही, मग त्याला इतका मान का?

कारण ‘सॅक’ हा शब्दच त्याने रूढ केला. एनएफएलने, म्हणजे या खेळाच्या व्यावसायिक लीगने, सॅक मोजायला सुरुवात केली 1982 मध्ये आणि जोन्सचा शेवटचा मोसम होता 1974 चा. म्हणून अधिकृत खात्यात शून्य, बस्स.

हा खेळ न पाहणाऱ्यांसाठी सांगतो. चेंडू हातातून सुटायच्या आधीच क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, मागच्या मागे लोळवलं की तो सॅक. सॅक म्हणजे पोतं. जोन्स म्हणायचा, समोरच्या संघाची अख्खी फळी गोणपाटाच्या पोत्यात भरायची आणि वरून बेसबॉलच्या बॅटने बडवायची, तसं हे काम आहे.

मी लॉस एंजेलिसजवळ राहतो. आमच्या शेजारच्या आजोबांनी त्याला कोलिझियम स्टेडियममध्ये रॅम्स संघाकडून खेळताना पाहिलंय. त्याची गाजलेली ‘हेड स्लॅप’ म्हणजे काय, असं एकदा विचारलं, तर त्यांनी माझ्या मुलाचं सायकलचं हेल्मेट माझ्याच डोक्यावर चढवलं आणि कानापाशी तळहाताने टपली मारली. हलकीच. पण हेल्मेटच्या आत ती दणकन घुमली आणि माझे डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा आजोबा माझ्या बाजूने निघून पाठीमागे उभे! तेव्हा मला तो डाव खरा कळला. मार हा त्यातला दुय्यम भाग. समोरच्याची पापणी लवली की तेवढ्यात पहिलं पाऊल आपलं. साडेसहा फुटांच्या आसपास उंची, सव्वाशे किलोच्या घरातलं वजन आणि धावणाऱ्यालाही गाठणारा वेग, अशा माणसाला एक पाऊल फुकट मिळालं तर पुढे काय होणार? 1977 मध्ये लीगने हेड स्लॅपवर बंदीच घातली. माझ्या मते ती योग्यच होती, डोक्याला होणाऱ्या इजांबद्दल आज जे कळलंय ते पाहता.

1961 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू फेरीफेरीने निवडतात त्यात, त्याचा नंबर लागला थेट 14 व्या फेरीत. रॅम्सची माणसं एका दुसऱ्याच धावपटूची फिल्म पाहत होती आणि त्याला मागून गाठणारा हा आडदांड कोण, असं त्यांना वाटलं. खरं नाव डेव्हिड. डेव्हिड जोन्स फोन डिरेक्टरीत शेकड्यांनी सापडतील, कोण लक्षात ठेवणार, म्हणून त्याने स्वतःच ‘डीकन’ हे नाव घेतलं. त्याआधीची वाट खडतर होती. फ्लोरिडात वर्णद्वेष सोसत तो वाढला आणि साउथ कॅरोलायना स्टेट कॉलेजमध्ये नागरी हक्कांच्या आंदोलनात उतरला म्हणून त्याची शिष्यवृत्ती काढून घेतली गेली. मनात साचलेल्या रागाला या खेळाने वाट करून दिली, असं तो पुढे उघडपणे सांगायचा. त्याचा खेळ पाहताना हे मला कधीच विसरता येत नाही.

रॅम्सच्या बचावफळीत मर्लिन ओल्सन, रोझी ग्रिअर, लमार लंडी आणि हा, असे चौघे होते. ‘फिअरसम फोरसम’ म्हणून ती चौकडी गाजली.

आता आकडे. जुन्या फिल्म आणि सामन्यांचे कागद चाळून अभ्यासकांनी त्याचे सॅक मोजले, ते भरले 173.5. त्यात 1964 आणि 1968 मध्ये प्रत्येकी 22. नंतरच्या पिढीतल्या मायकल स्ट्रेहनने 2001 मध्ये 22.5 चा तेव्हाचा अधिकृत विक्रम केला तो 16 सामन्यांत. जोन्सच्या काळी मोसमच 14 सामन्यांचा होता. लीग हे आकडे अजून अधिकृत धरत नाही, आणि मला ते मनापासून खटकतं. फिल्म आहेत, कागद आहेत, मग अडचण कसली?

1980 मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. जून 2013 मध्ये वारला. त्याच वर्षापासून मोसमात सर्वाधिक सॅक करणाऱ्याला लीग पुरस्कार देते, त्याचं नाव ‘डीकन जोन्स अवॉर्ड’.