शेतातून थेट आपल्याकडे का नाही? मधलं ते केंद्र नक्की करतं काय?

प्रश्न : नमस्कार दादा, उत्पादकाकडून माल आधी मोठ्या वितरण केंद्रात जातो, तिथून दुकानात आणि मग आपल्याकडे. एवढा वळसा कशाला? थेट आणला तर ताजाही मिळेल आणि स्वस्तही, नाही का?

उत्तर : जरा हिशोब करून बघा. समजा ५० उत्पादक आहेत आणि २०० दुकानं, आणि प्रत्येकाने प्रत्येक दुकानात स्वतः माल पोचवायचा ठरवलं तर झाल्या १०,००० फेऱ्या, त्यातही गाड्या निम्म्या रिकाम्याच. मध्ये एक केंद्र आलं की ५० गाड्या आत, २०० बाहेर, संपला विषय. आणि प्रत्यक्षात एका गाडीत चार-पाच दुकानांचा माल जातो म्हणजे त्याहून कमीच. आत येणारी गाडी एकाच मालाने भरलेली असते आणि बाहेर जाणारीत सगळं थोडं थोडं असतं, ही जी फोडाफोडी आणि जुळवाजुळव आहे ना तेच केंद्राचं खरं काम, साठवणं नाही. बऱ्याच ठिकाणी माल रॅकवर चढतसुद्धा नाही, एका दारात उतरवला, दुकानांप्रमाणे वाटला, दुसऱ्या दारातून भरला, काही तासांत खेळ खलास. क्रॉस डॉकिंग म्हणतात ते हेच.

आता ताजेपणा. थेट म्हणजे ताजं असं काही नसतं बरं का. भाजी-फळं तोडल्यावरही श्वास घेतात, त्यात शेतातली उष्णता अंगात असते, ती लवकर काढली नाही तर माल तिथूनच खराब व्हायला लागतो, त्यामुळे उन्हात तासभर उभ्या असलेल्या गाडीपेक्षा लगेच थंड करून दोन दिवसांनी आलेला माल चांगला निघू शकतो. पण सगळ्याला एकच थंडी चालत नाही. पालेभाज्यांना शून्य अंशाच्या आसपास हवं, केळी १३ अंशांच्या खाली गेली की साल काळी पडते, गोठवलेल्या मालाला उणे १८. म्हणून वेगवेगळ्या खोल्या. शिवाय पिकलेली सफरचंदं इथिलीन वायू सोडतात, शेजारी पालेभाजी ठेवली तर ती पिवळी पडते! आणि एवढं सगळं सांभाळून घोळ बऱ्याचदा दारातच होतो, गाडीचं दार उघडं आणि माल बाहेर ताटकळत.

स्वस्ताईचं मात्र मी छातीठोक सांगणार नाही. वाहतुकीचे पैसे वाचतात हे खरं, पण ते कोणाच्या खिशात जातात हे केंद्र कोणाच्या हातात आहे त्यावर ठरतं. मोठ्या खरेदीदाराला एकसारख्या ग्रेडचा भरपूर माल ठरलेल्या वेळी लागतो, तेवढा पुरवणं एकट्या छोट्या उत्पादकाला जमत नाही आणि तो बाजूला पडतो. चार जणांनी मिळून माल एकत्र केला, सहकारी पद्धतीने म्हणा हवं तर, तरच भाव बोलता येतो.

प्रश्न : आधी आलेला माल आधी पाठवतात का?

उत्तर : खाण्याच्या बाबतीत नुसतं तसं करून चालत नाही. ज्याची एक्स्पायरी आधी तो आधी, मग तो आजच का आलेला असेना. त्यासाठी प्रत्येक पॅलेटचा, म्हणजे माल रचलेल्या फळीचा, लॉट नंबर (कुठल्या खेपेतला माल ते सांगणारा आकडा) नोंदवतात, आणि उद्या एखाद्या लॉटमध्ये गडबड निघाली तर तो कुठल्या कुठल्या दुकानात गेला तेही त्याच नोंदीवरून सापडतं.

प्रश्न : उरलेलं अन्न गरजूंना देणाऱ्या फूड बँका पण असंच काम करतात का?

उत्तर : केंद्र तेच, पण चक्र उलटं फिरतं. जगातली पहिली फूड बँक १९६७ मध्ये अमेरिकेतल्या फीनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगल यांनी सुरू केली. दुकानाचं केंद्र मागणी बघून माल मागवतं, फूड बँकेला जे येईल ते घ्यावं लागतं, तेही बऱ्याचदा एक्स्पायरी जवळ आलेलं, आणि नेमका ट्रकभर एकच पदार्थ. तो छोट्या छोट्या वाटप संस्थांना पटापट वाटायचा, आणि त्यातल्या कित्येकांकडे धड फ्रिजही नसतो! म्हणून आधी फोन करून विचारायचं, तुमच्याकडे आज किती ठेवायला जागा आहे, आणि मगच गाडी भरायची. कुणी अशा संस्थेला मदत करायचं म्हणत असेल तर धान्याच्या पोत्याआधी फ्रिजचं विचारून बघा.