२०११ की २०१२? रँग्लर रुबिकॉन निवडताना

तुमच्यासमोर चार दारांच्या दोन जीप रँग्लर रुबिकॉन (रँग्लरची खडकाळ वाटांसाठीची आवृत्ती) आहेत, एक २०११ची आणि दुसरी २०१२ची. दोन्ही ऑटोमॅटिक आहेत, दोन्हींचे रनिंग जवळपास सारखे आहे आणि २०१२च्या गाडीसाठी विक्रेता बरीच जास्त रक्कम मागतो आहे. केवळ एका वर्षासाठी एवढा फरक मोजावा का, हा तुमचा प्रश्न आहे आणि पुढे ३५ इंची टायर बसवण्याचा विचारही तुम्ही कळवला आहे. माझे उत्तर असे की फरक मोजावा, मात्र २०१२च्या इंजिनाच्या डाव्या सिलिंडर हेडविषयी (सिलिंडरांवर बसणाऱ्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागाविषयी) तुमची खात्री पटल्यानंतरच.

या पिढीच्या गाड्यांमध्ये एरवी एका वर्षाने फारसे काही बदलत नाही. परंतु २०११ आणि २०१२ ही दोन वर्षे त्याला अपवाद आहेत. नवा डॅशबोर्ड, स्टिअरिंगवरची बटणे, हार्डटॉपच्या मागच्या मोठ्या काचा हे सारे २०११मध्येच आले. त्यामुळे आत बसून पाहिले तर या दोन गाड्यांत निवड करण्यासारखे काही हाती लागत नाही. खरा बदल बॉनेटखाली झाला. २०११पर्यंत ३.८ लिटरचे, लोखंडी ब्लॉकचे, पुशरॉड पद्धतीचे व्ही-६ इंजिन होते. त्याची ताकद २०२ अश्वशक्ती आणि ३२१ न्यूटन-मीटर. २०१२मध्ये त्याच्या जागी ३.६ लिटरचे, संपूर्ण ॲल्युमिनियमचे पेंटास्टार इंजिन आले आणि ताकद २८५ अश्वशक्ती व ३५३ न्यूटन-मीटरवर गेली. त्याच वेळी चार गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची जागा पाच गिअरच्या गिअरबॉक्सने घेतली.

बहुतेक लोक अश्वशक्तीचा आकडा पाहून थांबतात. मला मात्र तुमच्या वापरासाठी गिअरबॉक्सचा बदल अधिक मोलाचा वाटतो. जुन्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.८४ आहे, नव्याचा ३.५९. रुबिकॉनच्या ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीत) संथ चालीची लो रेंज ४ पट असते. २०११च्या गाडीत डिफरेन्शिअलचे (ॲक्सलमधल्या शेवटच्या गिअरचे) प्रमाण ४.१० धरले, तर खडकांवरून सरपटताना तिन्हींच्या गुणाकाराने एकूण प्रमाण सुमारे ४६.६ भरते, २०१२च्या गाडीत त्याच ४.१०वर ते ५८.९ होते. इथे एक गोष्ट तपासून घ्या. २०१२च्या ऑटोमॅटिक रुबिकॉनमध्ये ४.१०ऐवजी ३.७३चे डिफरेन्शिअलही मिळते. ते असले तरी हिशेब ५३.६ येतो, म्हणजे तरीही २०११पेक्षा सरसच. दगडांच्या पायऱ्यांवरून उतरताना ब्रेकवर पाय न दाबता गाडी किती हळू जाते, हे या आकड्यावरून ठरते.

महामार्गावरचे गणित थोडे वेगळे आहे. जुन्या गिअरबॉक्सचा चौथा गिअर ०.६९ आहे आणि नव्याचा पाचवा ०.८३, त्यामुळे सपाट रस्त्यावर २०११चे इंजिन कमी फेऱ्यांवर चालते आणि वर्णन ऐकताना ते गुणाचे वाटते. प्रत्यक्षात तिसरा गिअर १.०० आणि चौथा ०.६९ यांच्यामध्ये मोठी दरी आहे, आणि ती भरून काढण्याइतकी ताकद त्या इंजिनात नाही. चढ लागला, समोरून वारा आला किंवा सामान भरले की गिअरबॉक्स तिसऱ्यावर उतरतो, जरा वेग आला की चौथ्यावर जातो आणि पुन्हा उतरतो. मी दोन्ही इंजिनांच्या गाड्या पुष्कळ चालवल्या आहेत आणि लांबच्या प्रवासात थकवा येतो तो या चढउतारामुळेच. ३५ इंची टायर लावल्यावर ही अडचण वाढते, कारण मूळच्या सुमारे ३२ इंची टायरच्या तुलनेत ४.१०चे प्रमाण जणू ३.७५ होऊन बसते आणि ३.७३चे ३.४१. म्हणजे २०१२ची गाडी ३.७३ची निघाली, तर टायरच्या खर्चात पुढचेमागचे डिफरेन्शिअल गिअर बदलण्याचा खर्चही आजच धरून ठेवा. इंधनाच्या खपात दोन्ही गाड्यांत सांगण्यासारखा फरक नाही.

आता २०१२ची दुखरी बाजू. सुरुवातीच्या पेंटास्टार इंजिनांत डाव्या बाजूच्या सिलिंडर हेडमध्ये दोष आढळला होता. व्हॉल्व्हच्या बैठका आणि गाइड झिजून २, ४ किंवा ६ क्रमांकाच्या सिलिंडरमध्ये मिसफायर होतो (इंधन नीट पेटत नाही) आणि टकटक ऐकू येते. कंपनीने २०१३पर्यंतच्या इंजिनांसाठी या एका भागाची हमी १० वर्षे किंवा १,५०,००० मैलांपर्यंत वाढवली होती, परंतु ती मुदत आता उलटून गेली आहे. हेड आधीच बदललेले असेल आणि त्याची पावती असेल, तर ती गाडीच्या बाजूने सर्वांत भक्कम गोष्ट समजा. पावती नसेल, तर स्कॅनर लावून मिसफायरची मोजणी पाहा आणि डाव्या तीन सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब) उजव्या तिघांशी ताडून पाहा. दुसरी जागा म्हणजे इंजिनाच्या व्ही आकाराच्या मधल्या खोबणीत बसवलेले, प्लॅस्टिकचे ऑइल फिल्टर आणि कूलरचे घर. ते तडकले की तेल खोबणीत साचते आणि इंजिनाच्या मागच्या बाजूने खाली उतरते; खालून पाहणाऱ्याला ते क्रँकच्या मागच्या सीलची गळती वाटते आणि गिअरबॉक्स उतरवण्याचा निष्कारण खर्च होतो. म्हणून टॉर्चने आधी वरून खोबणीत पाहावे.

२०११च्या इंजिनाची खोड वेगळी आहे: ते तेल खाते. सर्वच इंजिने तसे करत नाहीत, पण ज्या मालकाने डिपस्टिक कधी पाहिली नाही, त्याची गाडी कमी तेलावर किती काळ धावली असेल याचा अंदाज करता येत नाही. म्हणून विक्रेत्याला दोन सर्व्हिसच्या मध्ये किती तेल भरावे लागते असे सरळ विचारा. ज्याच्याकडे याचे नेमके उत्तर आहे, त्याने गाडी सांभाळली आहे असे मी मानतो.

बाकीचे सारे दोन्ही वर्षांत समान आहे. पुढेमागे डाना ४४ ॲक्सल, विजेवर चालणारे लॉकर (एका ॲक्सलची दोन्ही चाके एकत्र फिरवणारे), सुटा करता येणारा स्वे बार (वळणावर गाडी झुकू न देणारा दांडा). मोकळ्या जागी चार-लोमध्ये (चारही चाकांच्या लो रेंजमध्ये) गाडी टाकून आधी मागचा आणि मग पुढचा लॉकर लावा. दिवा लुकलुकत न राहता स्थिर व्हायला हवा. स्वे बारची मोटर पाणी शिरून बंद पडते, तीही सुटून पुन्हा जुळते का हे पाहा. वेगात पुढची चाके जोराने थरथरत असतील, तर केवळ नवा स्टिअरिंग डॅम्पर बसवून दिलेले आश्वासन स्वीकारू नका. ॲक्सलला आडवे जागी धरणाऱ्या ट्रॅक बारचे बुश, त्याच्या बोल्टचे पसरलेले भोक आणि बॉल जॉइंट यांतच बहुधा मूळ असते.

२०१२च्या डाव्या सिलिंडरांत मिसफायर आढळला आणि विक्रेता हेडच्या खर्चाइतकी किंमत कमी करायला तयार नसेल, तर मी कागदपत्रे नीट असलेली २०११ची गाडी बेधडक घेईन, ३३ इंची टायरवर समाधान मानेन आणि उरलेला पैसा सस्पेन्शनवर खर्च करेन. चॅसी क्रमांकातील दहावे अक्षर २०११साठी ‘बी’ आणि २०१२साठी ‘सी’ असते, तेवढे जाहिरातीवर न विसंबता स्वतः वाचा.

२०१२ची गाडी पाहायला जाण्याआधी विक्रेत्याला स्पष्ट कळवा की तुम्ही पोहोचेपर्यंत इंजिन सुरू करू नये, कारण वर सांगितलेली टकटक आणि मिसफायर तुम्हाला थंड इंजिनावर तपासायचे आहेत. पोहोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवून पाहा. ते गरम लागले, तर त्या दिवशी किंमतीविषयी बोलू नका आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा.