डेकवर साडी चालेल, पाण्यात सुती टी-शर्ट नाही

सुट्ट्यांच्या क्रूझची बुकिंग सुरू झाली, की केबिन, जेवण आणि व्हिसाच्या बरोबरीने एक प्रश्न हमखास येतो : जहाजावरच्या स्विमिंग पूलवर काय घालायचं? काही प्रश्न संकोचाने विचारलेले असतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, म्हणून या वेळचा सगळा स्तंभ त्यालाच दिला आहे.

मुंबई-गोवा क्रूझला आम्ही घरचे अकरा जण निघालोय. आमच्यातल्या कुठल्याच बाईला आखूड कॉस्च्युम घालायचा नाही. टी-शर्ट आणि लेगिंग घालून पूलमध्ये उतरलं तर चालेल का, की महापालिकेच्या तलावावर अडवतात तसं अडवतील? (ठाणे)

अंग किती झाकलंय यावरून कोणी अडवणार नाही. मनगटापासून घोट्यापर्यंत झाकणारा पोशाखही चालतो. अडवतील ते कापडावरून. पाण्यात उतरायचं कापड पोहण्याचंच हवं, म्हणजे नायलॉन किंवा पॉलिस्टर आणि त्यात साधारण १५ ते २० टक्के इलास्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा. दुकानदार त्याला सरसकट ‘लायक्रा’ म्हणतात.

सुती कपड्याला मनाई का, तेही सांगतो. जहाजावरचा पूल फोटोत मोठा दिसतो; प्रत्यक्षात तो शहरातल्या तलावापुढे हौदच. पाणी कमी आणि माणसं जास्त. सुती कापडाचे तंतू सुटून गाळणीत अडकतात, कच्चा रंग पाण्यात उतरतो, घड्यांमध्ये राहिलेल्या साबणाचा फेस होतो. घाम आणि मळ धरून ठेवलेलं कापड पाण्यातलं क्लोरीन खातं, आणि मग जंतू मारायला ते पुरेसं उरत नाही. शिवाय सुती टी-शर्ट भरपूर पाणी पितो आणि जड होऊन अंगाला ओढतो. जहाज हललं की पूलमधलं पाणीही या कडेपासून त्या कडेपर्यंत हेलकावे खातं. अशा वेळी सैल कुर्ता पायांत गुंडाळला जातो. ओढणी तर गळ्याशीच येते.

तुमच्या लेगिंगचं लेबल बघा. बाजारातल्या बहुतेक लेगिंग ९५ टक्के सुती असतात, त्या पाण्यात नकोत. जिमच्या पॉलिस्टर लेगिंगला एखादा लाइफगार्ड हरकत घेणार नाही, पण ती ओली झाली की पारदर्शक होते. म्हणजे ज्यासाठी घातली तेच साधत नाही.

विकत घ्यायचंच तर लांब बाह्यांचा रॅश गार्ड, म्हणजे पोहण्याचा अंगाबरोबरचा टी-शर्ट, आणि घोट्यापर्यंतची पोहण्याची लेगिंग असे दोन वेगळे तुकडे घ्या. आत चड्डी जोडलेला फ्रॉकसारखा कॉस्च्युमही मिळतो, आणि चाळिशीपुढच्या बऱ्याच जणींना तो बरा वाटतो. ऑस्ट्रेलियात अहेदा झनेट्टी यांनी २००४ मध्ये तयार केलेली, डोकंही झाकणारी बुर्किनी याच जातीतली आहे. डोक्याचा भाग नको असेल तर तो नसलेले पोशाखही मिळतात. दुकानात हात वर करून, उकिडवं बसून आणि पुढे वाकून बघा. कोरडा असताना किंचित घट्ट वाटला तरच तो ओला झाल्यावर नीट बसतो, कारण पाण्यात कापड सैलावतं. पांढरा, पिस्ता, फिकट गुलाबी हे रंग टाळा. अस्तर नसेल तर ओले झाल्यावर ते आरपार दिसतात.

पूर्ण बाह्यांचा आणखी एक फायदा आहे. यूपीएफ म्हणजे कापड ऊन किती अडवतं त्याचा आकडा. यूपीएफ ५० चं कापड अतिनील किरणांचा फक्त पन्नासावा हिस्सा आत येऊ देतं. ओला पांढरा सुती टी-शर्ट त्याच्या जवळपासही जात नाही. समुद्रावर वारा असल्यामुळे ऊन लागतंय हे कळत नाही, ते संध्याकाळी कळतं.

महापालिकेच्या तलावावर टोपी सक्तीची असते, जहाजांवर बहुधा नसते. तरी लांब केस घट्ट बांधाच, विशेषतः हॉट टबमध्ये, म्हणजे बसायच्या गरम पाण्याच्या हौदात. तिथे पाणी ओढून घेणाऱ्या जाळ्या जवळ असतात आणि मोकळे केस त्यांत अडकण्याचा धोका खरा आहे. केसांना तेल लावलं असेल तर आधी शाम्पूने काढा. तेलाचा तवंग पाण्यावर तरंगतो आणि तो कोणाच्या डोक्याचा हे सगळ्यांना दिसतं.

पुरुषांनी काय घालायचं? बर्म्युडाच्या आत नेहमीची चड्डी घालतो. त्याला काही हरकत? (नांदेड)

हरकत आहे. आतली चड्डी सुती असते आणि तिला वर सांगितलेलं सगळं लागू पडतं. शिवाय ती लवकर वाळत नाही आणि मांड्या घासून निघतात. पोहण्याच्या बर्म्युडाला आतून जाळीचं अस्तर असतं, ते चड्डीचंच काम करतं. जाळी टोचत असेल तर आत मांडीपर्यंतची लायक्राची जॅमर, म्हणजे पोहण्याची घट्ट चड्डी, घाला.

सुती, खूप खिशांची बर्म्युडा डेकवर फिरायला ठीक, पाण्यात नाही. जीन्स कापून केलेली चड्डी तर मुळीच नको. तिच्या धातूच्या टिकल्या आणि चेन घसरगुंडीवर चरे पाडतात, म्हणून घसरगुंडीच्या तोंडाशीच परत पाठवतात. उतरण्याआधी खिसे तपासा. केबिनचं कार्ड तरंगत जातं आणि टिश्यू पेपरचा लगदा होतो.

उघड्या अंगाने पूलपाशी बसायला हरकत नाही. तिथून उठून लिफ्टमध्ये शिरताना मात्र अंगात काहीतरी हवं. बनियन हे त्याचं उत्तर नव्हे!

सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत, साडीच नेसतात. त्यांना पूलपाशी बसता येईल का? (कोल्हापूर)

खुशाल. पाण्यात न उतरणाऱ्याने कॉस्च्युम घालावा असा नियम नसतो. प्रश्न वाऱ्याचा आहे. जहाज १८ ते २० नॉट वेगाने, म्हणजे ताशी ३३ ते ३७ किलोमीटरने चाललेलं असतं. समोरून वारा असेल तर त्याचा वेग यात मिळवा. जॉर्जेट किंवा शिफॉनचा पदर तिथे शिडासारखा फुगतो. अंगाबरोबर राहणारी जरा जड सुती साडी, खांद्याला पिन, निऱ्यांना पिन आणि पदर कमरेला खोचलेला, एवढं केलं की झालं. साडी घोट्याच्या थोडी वर नेसू द्या. पूलभोवतीची जमीन सतत ओली असते. काठ भिजला की तो पायाखाली येतो आणि त्या वयात पडणं परवडत नाही. पायात रबरी तळाची, मागे पट्टा असलेली सँडल हवी. घरातल्या गुळगुळीत सपाता ओल्या डेकवर साबणासारख्या सरकतात.

बसायला वरच्या मजल्याच्या कठड्यापेक्षा पूलच्याच पातळीवर, काचेच्या आडोशाची जागा बघा. पाय पाण्यात सोडून बसायची हौस असेल तर गुडघ्यापर्यंतची पोहण्याची चड्डी आणि वर कुर्ता हे साडीपेक्षा सोयीचं. त्यांना ते पटेल का, हे तुम्हीच जाणता.

मंगळसूत्र, जोडवी, टिकली यांचं काय करायचं? (पुणे)

केबिनच्या तिजोरीत ठेवायचं. चांदीची जोडवी आणि पैंजण क्लोरीनने काळे पडतात. २२ कॅरेटच्या सोन्यातही तांबं-चांदी असते आणि डाखाच्या जागा कमजोर असतात. हॉट टबचं पाणी ४० अंशांपर्यंत गरम आणि त्यात क्लोरीन पूलपेक्षा जास्त, त्यामुळे तिथे नुकसान लवकर होतं. थंड पाण्यात बोटं आक्रसतात आणि अंगठी नकळत निसटते. घसरगुंडीवर गळ्यात लांब काही असू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. गळा अगदी मोकळा नको वाटत असेल तर नुसत्या काळ्या मण्यांची, गळ्यालगतची आखूड सर घाला. टिकली मात्र केबिनच्या आरशावरच ठेवून या. पाण्यात तिचा गोंद सुटतो आणि ती गाळणीत किंवा दुसऱ्याच्या पाठीवर जाऊन चिकटते.

पूलमधून थेट बुफेला गेलो तर? (नाशिक)

अनवाणी आणि ओल्या कॉस्च्युमवर आत घेत नाहीत. कमरेला गुंडाळलेला टॉवेल हा कपडा धरला जात नाही. दिवसा बुफेला एवढं पुरतं : अंग टिपून कोरडं, कॉस्च्युमवर काफ्तान किंवा कुर्ता आणि पायात चप्पल. पुरुषांनी टी-शर्ट आणि कोरडी बर्म्युडा. मुख्य डायनिंग हॉलमध्ये हेही चालत नाही, तिथे पूर्ण कपडे बदलून जायचं.

ओलं बसल्याने खुर्च्यांच्या गाद्या भिजतात आणि पुढच्या माणसाच्या कपड्यांना तो ओलावा लागतो, हे नियमामागचं मुख्य कारण. दुसरं असं, की आतला एसी चांगलाच गार असतो, त्यामुळे ओल्या अंगाने जेवणारी मुलं रात्री शिंकत बसतात. पूलवर उघड्या बारजवळ सँडविच-पिझ्झाची खिडकी असते, ओल्या माणसांची सोय तिथे आहे.

आम्ही फ्लोरिडाहून कॅरिबियन क्रूझला जातोय. मुलगा दीड वर्षाचा. स्विम डायपर घातला तर पूलमध्ये नेता येईल ना? (न्यू जर्सी)

नाही, आणि हे तिथे गेल्यावर कळलं तर फार हिरमोड होतो. अमेरिकी बंदरांत ये-जा करणाऱ्या परदेशी फेऱ्यांच्या प्रवासी जहाजांची तपासणी सीडीसी या सरकारी संस्थेच्या जहाज-स्वच्छता कार्यक्रमाखाली होते. डायपरमधल्या किंवा शी-शू सांगता न येणाऱ्या मुलांना नेहमीच्या पूलमध्ये आणि हॉट टबमध्ये उतरवायचं नाही, असं त्यात स्पष्ट आहे. स्विम डायपर घट्ट शी अडवतो. पातळ शी आणि लघवी त्यातून बाहेर येते. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा परजीवी नेहमीच्या प्रमाणातल्या क्लोरीनला दाद देत नाही, म्हणून असं काही झालं की पूल तासन्‌तास बंद ठेवून शुद्ध करावा लागतो.

काही मोठ्या जहाजांवर बाळांसाठी वेगळं, स्वतंत्र गाळणीचं कारंज्यांचं अंगण असतं. तिथे स्विम डायपर चालतो, किंबहुना सक्तीचा असतो. तुमच्या जहाजावर ते आहे का, हे कंपनीचं नाव घेऊन नाही, जहाजाचं नाव घेऊन विचारा. एकाच कंपनीच्या दोन जहाजांत फरक असतो.

पाळीच्या दिवसांत पूलमध्ये उतरता येतं का? (अमरावती)

येतं. पॅड मात्र नको, तो पूलचंच पाणी शोषून फुगतो आणि निरुपयोगी होतो. टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप वापरा. कप पहिल्यांदाच वापरणार असाल तर आधीच्या एक-दोन पाळ्यांत घरी सवय करा. हलत्या जहाजाच्या टीचभर बाथरूममध्ये तो शिकू नये. वर गडद रंगाचा, चड्डी जोडलेला कॉस्च्युम घातला की मन निश्चिंत राहतं.

जहाज बंदराला लागलं की पूलच्याच कपड्यांत खाली उतरून गाव बघितलं तर? (बोरिवली)

गाव कोणतं यावर आहे. बार्सिलोनात किनारा सोडून शहरात पोहण्याच्या कपड्यांत किंवा उघड्या अंगाने फिरायला २०११ पासून बंदी आहे. इटलीतल्या सोरेंतोने २०२२ मध्ये तशीच बंदी घातली, आणि दंड ५०० युरोपर्यंत. कॅरिबियनमध्ये बार्बाडोस, जमैका अशा काही देशांत लष्करी ठिपक्यांचे कपडे घालणं हाच गुन्हा आहे, लहान मुलाची टोपीसुद्धा त्यात आली. मुलांच्या बर्म्युडा बऱ्याचदा त्याच कापडाच्या असतात, म्हणून बॅग भरतानाच बघून घ्या.

घराजवळचं उदाहरण लक्षद्वीपचं. मुंबईहून जाणारी जहाजं तिथे थांबतात. वस्तीच्या बेटांवर खांदे आणि गुडघे झाकलेले ठेवा. कॉस्च्युम पर्यटकांसाठी ठरवलेल्या किनाऱ्यापुरताच, आणि तिथपर्यंत जाता-येता वरून कुर्ता. छोट्या बोटीतून उतरताना गुडघ्यापर्यंत भिजायला होतं, म्हणून लवकर वाळणारी, गुडघे झाकणारी पँट किंवा सलवार बरी.

जर्मन जहाजावर नोंदणी केलीय. सॉनाला जाताना कोणता कॉस्च्युम? (पुणे)

कोणताच नाही. जर्मन प्रवाशांसाठी चालणाऱ्या आयडा किंवा माइन शिफ जहाजांवर सॉनात, म्हणजे घाम काढायच्या तापवलेल्या लाकडी खोलीत, कापड घालून बसत नाहीत, आणि सॉना बहुधा स्त्री-पुरुषांचा एकत्र असतो. टॉवेल अंगाखाली अंथरायचा, घाम लाकडावर पडू द्यायचा नाही. टॉवेल अंगाभोवती गुंडाळून बसलात तर बहुतेक कोणी काही म्हणत नाही. कॉस्च्युमवर बसलात तर नक्की म्हणतील. हे जमणार नसेल तर पूल आणि हॉट टब आहेतच, तिथे कॉस्च्युम लागतोच.

चार रात्रींसाठी किती जोड घ्यायचे आणि वाळवायचे कुठे? (सांगली)

दोन जोड. एकच नेला तर दुसऱ्या सकाळी ओलाच चढवावा लागतो. त्यातला एक जोड, टॉवेलखेरीज लागणाऱ्या वस्तू आणि सनस्क्रीन हातातल्या पिशवीत ठेवा. बंदरात दिलेल्या मोठ्या बॅगा केबिनपर्यंत यायला दुपार उलटते, आणि पहिल्या दुपारीच पूल सगळ्यात रिकामा असतो.

पोहून आल्यावर लगेच गोड्या पाण्यात खळबळा. बऱ्याच जहाजांच्या पूलमध्ये समुद्राचं पाणी असतं. मीठ आणि क्लोरीन दोन्ही इलास्टेनची ताकद कमी करतात आणि कॉस्च्युम गुडघ्याशी, बुडाशी पोकळ होतो. पिळू नका. कोरड्या टॉवेलमध्ये वळकटी करून दाबा आणि मग बाथरूममधल्या ओढून ताणायच्या दोरीवर टाका, पंखा चालू ठेवून. ड्रायरमध्ये नको. बाल्कनीच्या कठड्यावर वाळत घालू नका : वाऱ्याने उडून खालच्या डेकवर जातो, आणि बऱ्याच जहाजांवर त्याला मनाईच आहे. इस्त्री नेण्याचाही विचार सोडा, आगीच्या भीतीने बंदरावरच काढून घेतात.

पूलचे टॉवेल जहाजाचेच असतात आणि मोजून दिले जातात. परत न केल्यास काही जहाजांवर एकेका टॉवेलचे पंचवीस डॉलरपर्यंत बिलात लागतात. त्यावर मोगऱ्याच्या अत्तराचा किंवा हळदीचा डाग पडला तर चालतो, हरवलेला चालत नाही.