सहा स्पिंडलचं सीएनसी घ्यावं, की सिंगल स्पिंडलची मशिनं वाढवावीत?

तुम्ही विचारलंय की 12 मिमी बारमधून निघणारा, 28 मिमी लांब, मधून 3 मिमीचं आरपार भोक आणि एका टोकाला बाहेरून आटे असलेला पार्ट सध्या स्लायडिंग हेड मशिनांवर (एकच स्पिंडल असलेली, बारच पुढेमागे सरकवणारी मशिनं) चालतो. मागणी वाढणार आहे, तर मल्टी-स्पिंडल सीएनसी (बार धरून फिरवणारे अनेक स्पिंडल असलेलं मशीन) घेतल्यावर उत्पादन सहापट होईल का? मी टर्निंगच्या सेटिंग आणि प्रोसेस प्लॅनिंगमध्येच काम करतो. कॅमवर (टूल हलवणाऱ्या ठरावीक आकाराच्या चकत्यांवर) चालणारी जुनी मल्टी-स्पिंडल आणि आताची सीएनसी, दोन्ही हाताळली आहेत. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सहापट धरून हिशोब करू नका. या मशीनचा वेग ठरतो तो सगळ्यात लांब चालणाऱ्या एका ऑपरेशनवर. सहा स्पिंडल एका ड्रमवर गोलात बसवलेले असतात आणि प्रत्येकात एक बार असतो. ड्रम एक घर फिरला की प्रत्येक बार पुढच्या स्टेशनवर जातो, आणि प्रत्येक घराला एक तयार पार्ट पडतो. पण सहाही स्टेशनांचं काम संपल्याशिवाय ड्रमला हलता येत नाही. पाच स्टेशनं तीन सेकंदांत मोकळी झाली आणि सहाव्याला नऊ सेकंद लागत असतील, तर पाचही जण सहा सेकंद नुसते थांबतात.

तुमच्या पार्टचंच उदाहरण घेऊ. फ्री-कटिंग स्टील आहे असं समजून मी अंदाजे वेळा धरतो: फेसिंग (टोक सपाट करणं) आणि रफ टर्निंग 5 सेकंद, ड्रिलिंग 9, फिनिश टर्निंग 4, आटे 3, ग्रूव्ह (खाच) 2, पार्टिंग (पार्ट बारपासून कापून वेगळा करणं) 3, मागच्या बाजूचं फेसिंग 2. बेरीज 28 सेकंद. टूल येण्या-जाण्याचा वेळ वेगळा. हेच काम सहा स्टेशनांवर जसंच्या तसं मांडलं तर ड्रिलिंगच्या 9 सेकंदांपुढे बाकी सगळं गौण ठरतं. ड्रम फिरून लॉक होण्यासाठी ढोबळ एक सेकंद धरला, तर सायकल 10 सेकंदांची, म्हणजे न थांबता तासाला 360 पार्ट.

आता ड्रिलिंग दोन स्टेशनांत तोडू. दुसऱ्या स्टेशनवर निम्मी खोली, तिसऱ्यावर उरलेली, प्रत्येकी साधारण 5 सेकंद. तिसऱ्यावर आत ड्रिल चालू असतानाच बाहेरून फिनिश टर्निंग उरकता येतं, कारण त्या स्टेशनला आडव्या स्लाइडवरचं टूलही मिळतं. चौथ्यावर आटे, पाचव्यावर ग्रूव्ह आणि हवं तर रीमिंग (भोक नेमक्या मापाचं आणि गुळगुळीत करणं), सहाव्यावर पिकअप स्पिंडल पार्ट पकडतो, पार्टिंग होतं आणि बार पुढे सरकतो. मागचं फेसिंग पिकअप स्पिंडलमध्ये, पुढचा पार्ट तयार होत असताना. सायकल 6 सेकंदांवर येते, तासाला 600. मशीन तेच, टूलही जवळपास तीच. फरक पडला तो काम कसं वाटलं यामुळे.

इथे एक बारकावा आहे जो कॅटलॉगमध्ये दिसत नाही. दुसरं ड्रिल आधीच्या भोकातून आत शिरतं, आणि दोन स्टेशनांचे मध्य मायक्रॉनपर्यंत जुळलेले कधीच नसतात. दोन्ही ड्रिलं एकाच मापाची ठेवली तर दुसरं ड्रिल भिंतीला घासतं, भोकात ओरखडे येतात आणि ड्रिल अकाली तुटतं. म्हणून पुढच्या स्टेशनचं ड्रिल दोन-चार शतांश मिलिमीटर बारीक ठेवायचं. तेवढी पायरी ग्राहकाला चालणार नसेल तर शेवटी रीमर हवाच, आणि त्याची जागा सुरुवातीपासूनच राखून ठेवायला हवी.

कॅमच्या मशीनवर ही सोय अर्धीच होती. अ‍ॅक्मे-ग्रिडली, विकमन किंवा शुटेच्या जुन्या ऑटोमध्ये सगळे स्पिंडल एकाच मधल्या गिअरवरून फिरायचे, त्यामुळे सगळ्यांचा आरपीएम एकच. 12 मिमी व्यासावर 200 मीटर प्रति मिनिट कटिंग स्पीड हवा असेल तर आरपीएम सुमारे 5,300 येतो. 3 मिमी ड्रिलला 80 मीटर द्यायचे तर सुमारे 8,500. एकाच आकड्यात दोघांचं भागवावं लागायचं. सीएनसीत प्रत्येक स्पिंडलला स्वतःची मोटर असते. स्टेशन बदललं की आरपीएम बदलतो, आडवं भोक किंवा फ्लॅट मिलिंगसाठी स्पिंडल हव्या त्या कोनात थांबवताही येतो. मात्र वर म्हटलेल्या तिसऱ्या स्टेशनवर ड्रिल आणि बाहेरचं टूल एकाच स्पिंडलवर चालतात, तिथे अडचण उरतेच. त्यावर उपाय म्हणजे ड्रिल लाइव्ह होल्डरमध्ये (टूलला स्वतंत्रपणे फिरवणाऱ्या होल्डरमध्ये) घालून उलट दिशेने फिरवणं. मशीन ठरवताना त्या स्टेशनला हा होल्डर बसतो का, ते आधी पाहून घ्या.

आता अचूकतेबद्दल, कारण बहुतेक जण इथेच गोंधळतात. टूल स्टेशनचं असतं. स्पिंडल मात्र सगळ्या स्टेशनांवरून फिरतो. हे एकदा डोक्यात बसलं की मशीन स्वतःच दोष सांगायला लागतं. मशीनमधून ओळीने पडलेले सहा पार्ट घ्या, त्यांच्यावर स्पिंडलचे नंबर टाका आणि मोजा. सहाही पार्ट एकाच दिशेने सरकलेत? मग टूल झिजलंय किंवा तापमान बदललंय. फक्त चार नंबरचाच पार्ट बाहेर आहे? मग त्या स्पिंडलचं कॉलेट (बार घट्ट पकडणारा भाग), त्यात अडकलेली चिप (कापताना निघालेली धातूची कातरण) किंवा बेअरिंग पाहा. इन्सर्ट (टूलचा बदलता येणारा कापणारा तुकडा) बदलून काहीही होणार नाही. चांगल्या सीएनसी मशीनवर प्रत्येक स्टेशनच्या टूलला प्रत्येक स्पिंडलसाठी वेगळा ऑफसेट (मापातली दुरुस्ती) देता येतो, आणि कॅमच्या मशीनवर जिथे सगळ्यात वाईट स्पिंडलप्रमाणे जुळवून घ्यावं लागायचं तिथे हा फरक फार मोठा आहे. लहान प्रिसिजन पार्टसाठी सीएनसी मल्टी-स्पिंडल घेण्याचं माझ्या मते सगळ्यात मजबूत कारण हेच.

सॅम्पलिंगची पद्धत मात्र बदलावी लागेल. दर 60वा पार्ट उचलून मोजलात तर प्रत्येक वेळी एकाच स्पिंडलचा पार्ट हातात येतो, कारण 60 ला सहाने पूर्ण भाग जातो. दर 50वा उचललात तर तीनच स्पिंडल दिसतात, उरलेले तीन कधीच नाहीत. दिवसभर चार्ट सुरेख दिसेल आणि खोक्यातला दर सहावा पार्ट रिजेक्ट असेल. तेव्हा सलग सहा उचला आणि सहा चार्ट वेगळे ठेवा. सगळ्यांची सरासरी काढून एका चार्टवर टाकू नका.

थांबण्याचा हिशोबही वेगळा आहे. एका स्टेशनवर लांब दोऱ्यासारखी चिप गुंडाळली गेली तरी सहाही स्पिंडल थांबतात. प्रत्येक स्टेशन 98 टक्के वेळ सुरळीत चालतं असं धरलं, तरी सहांचा गुणाकार जेमतेम 88-89 टक्के येतो. म्हणून मटेरियल महत्त्वाचं. पितळ, गंधकयुक्त फ्री-कटिंग स्टील किंवा 303 स्टेनलेस असेल तर चिप तुकड्यांत पडते आणि मशीन खुशाल धावतं. 304 किंवा 316 असेल तर हाय प्रेशर कूलंट आणि योग्य चिपब्रेकर असलेले इन्सर्ट याशिवाय विचारच करू नका.

आणि मशीनच्या आजूबाजूचं काम. 28 मिमीचा पार्ट, 2 मिमी पार्टिंग, म्हणजे 3 मीटरच्या बारमधून शेवटचा तुकडा सोडून 97-98 पार्ट. तासाला 600 म्हटलं की दर तासाला सहा बार लागतात. ते कोण भरणार, सहाशे पार्टवरचं तेल कोण धुणार, बर (कडेला राहिलेली धारदार कोर) कुठे निघणार? धुण्याची आणि तपासणीची व्यवस्था जुन्याच गतीची राहिली तर तयार माल मशीनशेजारी साचत राहतो.

आता तुमचा खरा प्रश्न. एक किंवा दोन पार्ट महिनोन्‌महिने चालणार असतील, लांबी व्यासाच्या दोन-अडीच पटीपर्यंत असेल आणि काम स्टेशनांवर नीट वाटलं जात असेल, तर मल्टी-स्पिंडल योग्य. तुमचा पार्ट यात बसतो. पण दर आठवड्याला जॉब बदलत असेल तर स्लायडिंग हेडच वाढवा. सहा कॉलेटं, सहा बार, डझनभर टूल आणि प्रत्येक स्पिंडलचे ऑफसेट, हे सगळं बदलायला जो वेळ जातो तो लहान लॉटमध्ये भरून निघत नाही. लांब, सडपातळ पार्टसाठी तर गाइड बुशला (बारला टूलजवळ आधार देणाऱ्या नळीला) पर्याय नाही. मल्टी-स्पिंडलमध्ये तसा आधार नसतो. टोर्नोसच्या मल्टीस्विसमध्ये स्पिंडलच पुढेमागे सरकतात, म्हणून ते स्लायडिंग हेडसारखं भासतं, पण बाहेर आलेल्या बारला टूलजवळ धरणारं बुश तिथेही नाही. साध्या, कमी ऑपरेशनच्या पार्टसाठी आठ स्पिंडलचं मशीन चार-चारच्या दोन गटांत चालवून प्रत्येक सायकलला दोन पार्ट काढता येतात. इंडेक्स या जर्मन कंपनीच्या आठ स्पिंडलच्या मशिनांवर ही सोय आहे. तुमच्या पार्टला मात्र सहाच्या सहा स्टेशनं लागतील.

कंपनीशी बोलताना स्टेशननिहाय टाइम स्टडी लेखी मागा. नुसत्या एकूण सायकल टाइमवर समाधान मानू नका. ट्रायल तुमच्याच मटेरियलच्या बारवर घ्या. मशीन थंड असताना सुरू करून चार-पाच तास सलग चालवायला सांगा, आणि प्रत्येक स्पिंडलचा सीपीके (मापं टॉलरन्समध्ये किती भरवशाने बसतात याचा आकडा) वेगळा काढून द्या म्हणावं. सुरुवातीच्या तासात मापं किती सरकतात आणि नंतर कुठे स्थिरावतात, ते सहाही स्पिंडलसाठी पाहा. 3 मिमीच्या भोकाची बाहेरच्या व्यासाशी समकेंद्रितताही त्याच वेळी मोजून घ्या, कारण भोक आणि बाहेरचं फिनिश वेगवेगळ्या स्टेशनांवर गेलं की ड्रम लॉक होण्यातली चूक थेट तिथे उतरते. ड्रॉइंगवर ती टॉलरन्स घट्ट असेल तर रीमिंग आणि बाहेरचं फिनिश एकाच स्टेशनवर बसवायला सांगा. त्यासाठी वरची मांडणी बदलून सायकल थोडी वाढली तरी चालेल.